हाताची लाईट

खंडेनवमीला मलकापुरात एकाही गाडीच्या डॅशबोर्डवर लाईट पेटलेली राहता कामा नये, असा काही सरकारी नियम नव्हता. पण इथले ड्रायव्हर सरकारपेक्षा पूजेला जास्त भ्यायचे. गाडी धुतली, झेंडूची माळ घातली, चाकाखाली लिंबू ठेवलं, आणि नारळ फोडताना समोर पिवळी लाईट लुकलुकतेय, म्हणजे गाडी वर्षभर रडवणार अशी त्यांची पक्की समजूत. म्हणून आदल्या दिवशी सकाळपासूनच एस. टी. स्टँडमागच्या वैजयंता लोहारच्या गॅरेजपुढे रांग लागायची. माणसं भरून नेणाऱ्या वडापच्या जीपा, दुधाच्या गाड्या, शाळेच्या व्हॅन, झाडून सगळ्या यायच्या आणि प्रत्येकाचं मागणं एकच.

"वैजूताई, तेवढी लाईट घालव की गं."

वैजयंता घालवायची. तशी ती साधीसुधी मेकॅनिक नव्हती. भिंतीवर तिचं प्रमाणपत्र टांगलेलं होतं, ‘अधिकृत वाहन-निदान तज्ज्ञ’, तालुक्यातलं एकमेव. प्रवासी गाडीची लाईट लागली की सात दिवसांच्या आत अशा तज्ज्ञाकडून निदान करून घेणं नव्या कायद्यानं सक्तीचं होतं. तिची सही झाल्याशिवाय आठव्या दिवशी गाडी रस्त्यावर आणता यायची नाही. एवढी वजनदार सही असलेली बाई वर्षातून एक दिवस मात्र कसलंही निदान करायची नाही. त्या दिवशी ती फक्त लाइटी घालवायची. सणाचं काम, त्यात कुणाला नाही म्हणायचं? यंदा एकतीस गाड्या झाल्या, आणि बहुतेक सगळ्यांना एकच लाईट होती. स्टिअरिंगचं चाक आणि त्यावर दोन तळवे, असं तिचं चित्र. गावात तिला हाताची लाईट म्हणत.

ह्या लाईटची गोष्ट अशी. नव्या गाड्यांत स्टिअरिंगचं चाक आणि रस्त्यावरची चाकं ह्यांना जोडणारा लोखंडी दांडा राहिलेला नव्हता. ड्रायव्हर स्टिअरिंग फिरवतो ते कॉम्प्युटर वाचतो, आणि रस्त्यावरची चाकं कॉम्प्युटर वळवतो. त्यामुळे गाडीला माणसाचा हात फार बारकाईनं वाचता येऊ लागला. जागा माणूस सरळ रस्त्यावरसुद्धा स्टिअरिंग स्थिर धरत नाही. सेकंदाला तीन-चार वेळा तो ते केसभर इकडे, केसभर तिकडे करत असतो, आणि हे त्याचं त्यालाही ठाऊक नसतं. डुलकी लागली, भान हरपलं, की हात चाकावर तसाच राहतो पण ही बारीक हालचाल बंद पडते. हात गप्प होतो. तेवढा वेळ गाडी स्वतः रस्ता धरून ठेवते आणि माणूस परत आला की गुपचूप त्याच्या हाती कारभार देते. बोलण्यातला एखादा शब्द ऐकू आला नाही तरी आपण वाक्य जुळवून घेतो, तसंच हे. अख्खं वाक्य मात्र गाडीला बोलता येत नव्हतं. सपाट रस्त्यांवर विनाड्रायव्हरच्या गाड्या कधीच धावू लागल्या होत्या, पण घाटातलं धुकं, खचलेल्या कडा आणि वळणावर रवंथ करत बसलेल्या म्हशी ह्यांच्यापुढे त्यांनी अजून हात टेकले होते.

हात गप्प होण्याचं प्रमाण त्या माणसाच्या नेहमीच्या प्रमाणाबाहेर गेलं, की हाताची लाईट लागायची.

कंपनीच्या पुस्तकात एवढंच लिहिलं होतं. घाटाच्या दमट हवेनं स्टिअरिंगमधला सेन्सर ओला होतो आणि लाईट उगीचच लागते, हे पुस्तकाला नाही, मलकापूरला ठाऊक होतं. दहातल्या नऊ वेळा ते खरंही असायचं. त्यावरचा उपाय म्हणजे ‘झिरो देणं’. स्कॅनर लावायचा आणि गाडीला सांगायचं की मागच्या पंधरा दिवसांतला हात हाच ह्या माणसाचा नेहमीचा हात. जुनं पुसून टाक आणि इथून पुढं ह्याच्याशी ताडून बघ. चार मिनिटांचं काम. मध्ये स्कॅनर एकच प्रश्न विचारायचा, ‘ड्रायव्हरची तपासणी झाली आहे का?’ वैजयंता ‘हो’ दाबायची. सगळेच दाबत.

दसरा होऊन आठवडाही झाला नव्हता, तोच मंगळवारी सकाळी तिच्या थोरल्या भावानं आपली पांढरी व्हॅन गॅरेजात घातली.

"परत लागली बघ," मारुती लोहार खाली उतरत म्हणाला. सगळा तालुका त्याला आण्णाच म्हणायचा. "खंडेनवमीला घालवलीस, आन् आठ दिस न्हाई झालं. तुझा झिरो बी आता भेसळीचा यायला लागला काय?"

"सेन्सर गेला असंल. बदलते," वैजयंता हसून म्हणाली. "आज मोकळा हाईस न्हवं?"

"आज मोकळा. उद्या बुधवार."

बुधवार म्हटल्यावर वेगळं काही सांगावं लागत नव्हतं. सोमवार, बुधवार, शुक्रवार आण्णा पहाटे आंबा घाट उतरून साखरप्याला जायचा, मूत्रपिंडाचे सहा रुग्ण गाडीत घ्यायचा, घाट चढून त्यांना मलकापूरच्या ट्रस्टच्या डायलिसिस केंद्रात आणायचा आणि संध्याकाळी परत सोडायचा. चार वर्षं. त्याआधी वीस वर्षं ह्याच घाटात त्यानं वडाप केलं होतं. नव्या रुंद रस्त्यावर दरड कोसळल्यापासून सगळी वाहतूक पुन्हा जुन्या घाटातून चालली होती आणि जुन्या घाटात आण्णाचा हात धरणारा ड्रायव्हर नव्हता. हे त्याला स्वतःलाही चांगलंच माहीत होतं.

वैजयंतानं कोरा सेन्सर बसवला. लाईट गेली नाही.

तिनं वायरिंग तपासलं. कनेक्टर काढून, पुसून, वाळवून परत लावले. लाईट तशीच. आता तिला लाईटचाच राग यायला लागला होता. गाडी ट्रस्टची असल्यामुळे लेखी अहवाल द्यायचाच होता, म्हणून तिनं स्कॅनरवर सहसा कुणी न उघडणारं पान उघडलं. मागच्या पंधरा दिवसांची सगळी नोंद त्यात होती.

हात गप्प झाल्याच्या वेळा, दोनशे अकरा.

आकडा चुकला असेल म्हणून तिनं पान बंद करून पुन्हा उघडलं. दोनशे अकराच. बहुतेक दीड-दोन सेकंदांच्या. काही अडीच सेकंदांच्या, सर्वांत मोठी दोन पूर्णांक सात. प्रत्येक नोंदीसोबत आतल्या कॅमेऱ्यानं टिपलेलं ड्रायव्हरच्या डोळ्यांचं एक चित्र होतं. डुलकी असेल तर डोळे मिटलेले दिसायला हवे होते. वैजयंतानं एकामागून एक चित्रं पाहिली. आण्णाचे डोळे सताड उघडे होते, रस्त्याकडे लागलेले, आणि त्यांत कोणी नव्हतं. लहानपणापासून ओळखीचे ते डोळे तिला क्षणभर ओळखू आले नाहीत.

मग तिला दुसरी गोष्ट दिसली, आणि ती पहिलीपेक्षा वाईट होती. हात गप्प झाला की गाडी किती वेळानं ताबा घेणार, हे गाडी स्वतःच ठरवते. नव्या गाडीत ते अंतर शून्य पूर्णांक चार सेकंद असतं. ह्या गाडीत ते एक पूर्णांक तीन झालं होतं. का, हे कळायला तिला कुठल्या पुस्तकाची गरज नव्हती. तीन खंडेनवम्यांना तिनं ह्या गाडीला झिरो दिला होता. तीनदा तिनं गाडीला सांगितलं होतं की हा माणूस असाच आहे, मधूनमधून गप्प राहतो, त्यात विशेष काही नाही. गाडी शिकली होती. आता ती थोडी थांबून, वाट बघून मग हात घालत होती. चाळीसच्या वेगात एक पूर्णांक तीन सेकंद म्हणजे चौदा मीटर. चौदा मीटर ती व्हॅन सहा माणसांना घेऊन कुणाच्याही हातात नसायची.

हे कधीपासून सुरू झालं ते शोधायला ती मागं गेली. पण मागं काही नव्हतंच. ते तिनंच पुसलं होतं.

आण्णा बाहेर बाकड्यावर बसून चहा पीत होता. तिनं त्याच्यासमोर स्कॅनर धरला आणि जमेल तितक्या सोप्या शब्दांत सांगितलं. तो ऐकत गेला आणि त्याचा चेहरा लाल होत गेला.

"म्हंजे मी गाडी चालवताना झोपतुय?"

"झोपत न्हाईस. जागाच असतोस. पण तेवढा येळ तू नसतोस, आण्णा. हा एक आजार असतो. मेंदूचा. बारीक फिट म्हण."

"मला कळलं असतं की!"

"न्हाई कळत. त्यातच तर सगळं हाय."

"वीस आन् चार, चोवीस वर्सं झाली ह्या घाटात. माझ्या चाकाखाली कधी कोंबडी आली न्हाई. आन् तुझं हे खोकं मला सांगणार?" त्यानं खिशातून फोन काढला. "थांब. माणसालाच इचारूया."

त्यानं साखरप्याच्या शेट्येबाईंना फोन लावला आणि आवाज मोठा केला. कुमुद शेट्ये निवृत्त शिक्षिका होत्या आणि सहा रुग्णांच्या जणू मॉनिटर. कुणी पथ्य मोडलं तर आण्णाच्या गाडीत त्यांच्याकडून वर्ग घेतला जायचा.

"बाई, जरा आमच्या भैनीला सांगा, माझी गाडी कशी हाय?"

"हे काय विचारणं झालं मारुतीराव?" बाईंचा आवाज थकलेला पण ठणठणीत होता. "अहो, तुमच्या गाडीत बसून मी पोथी वाचते, ओळ चुकत नाही. आणि गेल्या वर्षभरात तर आणखीच अलगद चालवता तुम्ही. वळण कधी आलं आणि गेलं, कळतसुद्धा नाही. का हो? उद्या येताय ना? पाय सुजलेत माझे, उद्याचा दिवस चुकवून चालायचं नाही."

"येतुय की. येणार म्हंजे येणार."

आण्णानं फोन ठेवला आणि बहिणीकडे जिंकल्यासारखं पाहिलं. गेल्या वर्षभरात अलगद वळणं कोण घेत होतं, हे बाईंना आणि आण्णाला ठाऊक नव्हतं, वैजयंताला मात्र आता कळून चुकलं होतं.

"झिरो दे," आण्णा म्हणाला.

"न्हाई."

"वैजे, मी सांगतुय झिरो दे."

"आधी माझं एक ऐक. बाजाराच्या मैदानात चल. गाडीची मदत मी बंद करते. तू चालव. रेष सोडली न्हाईस तर झिरो देते, वर तुझी माफी मागते."

आठवडी बाजाराचं मैदान मंगळवारी रिकामं असतं. रात्री शिंतोडे पडून गेल्यामुळे माती ओली होती. वैजयंतानं शाळेतून चुन्याच्या फक्कीची पाटी मागून आणली आणि कबड्डीचं मैदान आखतात तशी पांढरी रेष आखली. मात्र सरळ नाही, एक भलंमोठं गोल रिंगण. उजवं चाक रेषेवर ठेवायचं, वेग वीसच्या वर न्यायचा नाही आणि ती थांब म्हणेपर्यंत फिरत राहायचं, एवढंच ठरलं. स्कॅनरवरून तिनं गाडीची मदत बंद केली आणि ती मैदानाच्या कडेला उभी राहिली.

आण्णा फिरू लागला. पहिली फेरी, दुसरी, पाचवी. चाक रेषेवरून असं काही चाललं होतं की बघत राहावं. आठव्या फेरीला वैजयंताच्या मनात आलं, यंत्र चुकलंय. देवा, यंत्र चुकू दे, मी ते सगळ्यांदेखत फोडून टाकीन. बाराव्या फेरीला व्हॅन मैदानाच्या पलीकडच्या अंगाला होती. तिथं रिंगण वळलं आणि व्हॅन वळली नाही. ती शांतपणे, सरळ, रेष सोडून कुंपणाकडे चालू लागली. वैजयंता ओरडली. मग एकदम हिसका बसून व्हॅन वळली, रेषेवर आली आणि पुढं फिरू लागली.

तिनं हात करून गाडी थांबवली. आण्णा मिशीवर हात फिरवत उतरला.

"बघ. रेष सोडली असंल तर ही मिशी उतरवतो."

ती त्याला पलीकडे घेऊन गेली. ओल्या मातीत चाकाचा ठसा स्पष्ट होता. रेषेवरून निघालेला, सरळ कुंपणाकडे गेलेला आणि मग वाकडा होऊन परत आलेला. आधी आण्णानं बहिणीकडे संशयानं पाहिलं, जणू तिनंच काही करामत केली असावी. मग तो ठशावरून चालत गेला, पावलं मोजत. अकरा पावलं झाली. तिथंच तो चिखलात खाली बसला.

"मला हे आठवत न्हाई गं," तो म्हणाला. "वैजे, मी सगळा येळ रेषेवर हुतो."

तिनं त्याच्या खांद्यावर हात ठेवला. ह्या माणसानं तिला सायकलच्या नळीवर बसवून शाळेत पोचवलं होतं, बापाशी भांडून पुण्याला शिकायला धाडलं होतं. आणि तीन वर्षं दरवर्षी, हसत हसत, तिनं त्याच्या नावापुढे ‘हो’ दाबलं होतं. हे तिनं त्याला तिथंच सांगून टाकलं. तो रागावला असता तर तिला बरं वाटलं असतं. त्यानं नुसती किल्ली काढून तिच्या हातात दिली.

"पर उद्या बुधवार हाय," तो म्हणाला.

दुपार सगळी फोनवर गेली. कोल्हापूरच्या डॉक्टरांनी गुरुवारची वेळ दिली. गोळ्यांनी बहुतेक आळा बसेल, पण स्टिअरिंगला निदान वर्षभर हात लावायचा नाही असं बजावलं. ट्रस्टच्या देशिंगकर मॅडमनी घाटाचा परवाना असलेला ड्रायव्हर पुढच्या सोमवारी पाठवते म्हणून सांगितलं. तोवर सहा जणांच्या दोन पाळ्या बुडणार होत्या. एक बुडाली तर माणूस कसाबसा तगतो. दोन बुडाल्या तर सहापैकी किती तगतील, हे मॅडमनी सांगितलं नाही आणि वैजयंतानं विचारलं नाही. रत्नागिरीतली सगळी यंत्रं भरलेली होती.

"दुसरा कोण न्हाई का?" आण्णानंच नावं घ्यायला सुरुवात केली. "दगडू गुरव हाय. तो रोज घाट करतो. न्हाईतर शिराळ्याचा बाबू. न्हाईतर इस्माईल."

प्रत्येक नाव ऐकताना वैजयंतासमोर तिची खंडेनवमीची यादी उभी राहत होती. दगडू, सातवा. बाबू, एकोणिसावा. इस्माईल, अगदी शेवटी आला होता, घाईघाईत. ह्यांतल्या बहुतेकांचा सेन्सर नुसता ओला असणार, हे तिला कळत होतं. पण कुणाचा ओला आणि कुणाचा खरा, हे सांगणारी एकच खूण होती, आणि ती तिनं सगळ्यांची सारखीच पुसली होती.

तिनं एकतीसच्या एकतीस जणांना फोन केले. गाडी आणा, मला पुन्हा नीट बघायचंय. कुणी हसलं, कुणी दिवाळीनंतर बघू म्हणालं.

"अगं ताई, लाईट कुठं लागलीय?" दगडू म्हणाला. "तूच घालवलीस की! गाडी नुसती लोण्यावानी चाललीय." त्याच्यामागं जीपमधल्या बायकापोरांचा कलकलाट ऐकू येत होता. मग रेंज गेली.

संध्याकाळी ती आण्णाकडे गेली. "उद्या मी चालवते."

"तुला घाट येत न्हाई."

"तू शेजारी बस. तू सांग, मी वळवते."

दुसरी वाट नव्हती. तिनं स्कॅनर लावून गाडीला नवा ड्रायव्हर दाखवला. प्रश्न आला, ‘ड्रायव्हरची तपासणी झाली आहे का?’ आयुष्यात पहिल्यांदा तिनं ‘नाही’ दाबलं. गाडीनं लाईट तशीच ठेवली आणि कळवलं की हा हात ओळखीचा व्हायला पंधरा दिवस लागतील. तोवर मदत मिळणार नाही.

बुधवारी उतरताना घाट स्वच्छ होता. साखरप्याला कोवळं ऊन पडलं होतं. सहाही जण नाक्यावर वाट बघत उभे होते. आण्णाचा हात मुरगळलाय, म्हणून आज मी, असं वैजयंतानं सांगितलं. शेट्येबाईंनी आण्णाला आयोडेक्स लावलं का म्हणून विचारलं आणि त्या नेहमीच्या डावीकडच्या जागी, म्हणजे आज त्याच्या बरोबर मागं बसल्या. त्यांचे पाय चपलेत मावत नव्हते.

निम्मा घाट चढून झाला आणि धुकं उतरलं. उतरलं म्हणजे कसं, एका वळणाला ते नव्हतं आणि पुढच्या वळणाला बॉनेट दिसेनासं झालं. गाडीच्या कॅमेऱ्यांनी पडद्यावर पांढरा चौकोन दाखवला आणि मग तोही बंद केला. परत फिरायला जागा नव्हती. थांबावं तर मागून मालाचे ट्रक चढत होते, आणि धुक्यात उभी राहिलेली गाडी त्यांना दिसली नसती. वैजयंता काचेवर वाकून रस्ता शोधू लागली.

"बघू नगंस," आण्णा म्हणाला. "बघून काय दिसणार हाय? मी सांगतुय तेवढं ऐक. हळू चल. अजून... अजून... आता डावं. पुरं. सरळ धर."

ती ऐकत गेली. त्यानं खिडकीची काच खाली केली होती. त्याला रस्ता दिसत नव्हता, पण तो त्याला पाठ होता. "हितं वास बदलतो बघ, कारवीचा. म्हंजे उजवं वळण आलं. घे. घे अजून. आता पाण्याचा आवाज ईल, त्यो आला की डावं." पाण्याचा आवाज आला. तिनं डावं घेतलं. चाकांखाली रस्ता होता. पुन्हा उजवं घेतलं, तरी रस्ता होता. हळूहळू तिच्या खांद्यांतला ताठरपणा सैल झाला. मागं कुणीतरी बडीशेपेची पुडी उघडून सगळ्यांना वाटली. हा माणूस तोंडानं घाट चालवतोय, असं वाटून वैजयंताला अशा वेळीही भावाचा अभिमान वाटला.

"आता मोठं डावं हाय. वळव. वळव. वळलीस की लगीच..."

ती वळली. आणि पुढचा शब्द आला नाही.

तिनं वाट पाहिली. काचेपुढे पांढऱ्याशिवाय काही नव्हतं. लगेच काय? डावं, उजवं, सरळ? चाकं फिरत होती. उजव्या हाताला दरी होती की डाव्या, हेसुद्धा तिला त्या क्षणी सांगता आलं नसतं. तिनं जीव खाऊन ब्रेक दाबला. सगळे पुढं हेलपाटले. व्हॅन थांबली.

"...उजवं. कडंला कठडा न्हाई," आण्णा म्हणाला. आणि मग दचकून, "अगं, थांबलीस का? घाटात आसं थांबत्यात व्हय? मागनं ट्रक ईल!"

"तू बोलायचा थांबलास, आण्णा."

"मी? मी कुठं थांबलो?" तो हसत मागं वळला. "बाई, ऐकलंसा? म्हणती मी थांबलो!"

शेट्येबाई त्याच्याकडे बघत होत्या, वर्गात एखाद्या हुशार मुलाला सोपं उत्तर आलं नाही की बघत असतील तशा.

"थांबलात, मारुतीराव," त्या हळू म्हणाल्या. "मी हाक मारली तुम्हाला. तुम्ही समोर बघत होतात."

आण्णाच्या चेहऱ्यावरचं हसू जागच्या जागी राहिलं आणि मग विझलं. मैदानात चाकाचा ठसा बघूनसुद्धा त्याच्या मनात कुठंतरी अजून शंका उरली असावी. ती आता गेली. बाईंची नजर त्याच्यावरून वैजयंतावर आली, तिथून डॅशबोर्डवर पेटलेल्या पिवळ्या लाईटवर, आणि मग पुन्हा त्याच्यावर.

"मग इतके दिवस," त्यांनी विचारलं, "गाडी कोण चालवत होतं?"

वैजयंतानं दार किंचित उघडून खाली पाहिलं. पुढच्या चाकापासून वीतभर रस्ता होता, त्यापुढे गवताची एक ओळ आणि त्यापुढे धुकं. तिनं दार लावून घेतलं. खाली कुठंतरी ट्रकचा हॉर्न वाजला. थोड्या वेळानं पुन्हा वाजला, एक वळण जवळून.

"किती हाईत अजून?" तिनं विचारलं.

"नऊ वळणं." आण्णानं दोन्ही हात गुडघ्यांवर घट्ट दाबून धरले आणि तो काचेकडे झुकला. "थोडं मागं घे. आता उजवं. सावकाश."

वैजयंतानं गाडी हलवली. तो बोलत राहिला, ती वळवत राहिली. मागं सहा जण एकमेकांचे हात धरून बसले होते. कुणाचंही लक्ष धुक्याकडे नव्हतं. आण्णाचा एक शब्द संपून दुसरा येईपर्यंत त्या गाडीत कुणी श्वास घेत नव्हतं.